निळ्या खडूचे शंभर टक्के

विद्यार्थी समोर येऊन "मॅडम, शंभर टक्के बरोबर!" असं म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. निवृत्त झाले तरी ही खोड गेलेली नाही. परवा फळवाल्याने "शंभर टक्के गोड निघणार, ताई" म्हणत खरबूज पुढे केलं, तर मी दचकून हात मागे घेतला. तो बिचारा बघतच राहिला.

कारण सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी 'कॉम्प्युटर व्हिजन' शिकवत असे, म्हणजे संगणकाला बघायला शिकवण्याचा विषय. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत, "सून कॉम्प्युटरचे डोळे तपासते." ते काही फार चूक नव्हतं. कॅमेरा फोटो काढतो, पण फोटोत आंबा आहे की अंडं, हे संगणकाला कळत नाही. त्याला दिसतात नुसते आकडे, कुठला ठिपका किती उजळ त्याचे. मग आपण त्याच्यापुढे फोटोंचा ढीग ओततो. हे चांगले आंबे, हे नासके आंबे, आता फरक तूच शोध. तो शोधतोही. फक्त नेमका कुठला फरक शोधला, ते सांगत नाही. सगळी गोम तिथे आहे.

शेवटच्या वर्षाला या विषयाचा प्रकल्प असे आणि माझ्या अपेक्षा मी पहिल्याच दिवशी वर्गात मोठ्याने वाचून दाखवत असे. फोटो स्वतः काढायचे, इंटरनेटवरून उचलायचे नाहीत. प्रोग्राम चालण्याला गुण थोडेच, कारण हल्ली तो मागितला की यंत्रच लिहून देतं. निम्मे गुण परीक्षेच्या दिवशी मी जे समोर ठेवीन त्यावर. आणि शेवटी एक पान, त्याचं शीर्षक ठरलेलं: 'माझा प्रोग्राम कुठे चुकतो'. या पानावर एकही चूक लिहिलेली नसली आणि माझ्या चाचणीत प्रोग्राम आपटला, तर प्रकल्प नापास, पुढच्या सत्रात पुन्हा. एवढं वाचून झालं की पोरांची तोंडं कारलं खाल्ल्यासारखी होत. त्या पानापायी मी कॉलेजभर बदनाम होते.

पण त्या पानाने पोरं तारलीही आहेत. एका गटाने चेहरा ओळखून हजेरी लावणारा प्रोग्राम केला होता. परीक्षेच्या दिवशी त्याने एका गैरहजर मुलाची हजेरी लावली. मी चक्रावले. मुलगा गावाला, हजेरी इथे! मग गटातल्या एकाने कॅमेऱ्यासमोरच्या खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या भिंतीवर त्या मुलाच्या वाढदिवसाचा बॅनर लागला होता, त्यात तो काळा चष्मा घालून हात जोडून उभा. ही फजिती त्यांना आधीच कळली होती आणि त्यांनी ती पानावर लिहिलीही होती. वर मलाच विचारलं, "मॅडम, बॅनर वर्षभर राहू दिला तर चालेल का?" मी त्यांना पास केलं आणि वर्गाबाहेर हाकललं.

असे धक्के पचवायची मला सवय झाली होती. हर्षदाचा मात्र अजून पचलेला नाही.

हर्षदा मूळची आमच्याच खानदेशातली. घर सुरतेच्या भेस्तान भागात. वडील यंत्रमागावर, आई शेजारच्या उधन्याच्या एका कारखान्यात कापड तपासायला. पोरगी मैत्रिणींशी गुजराती, घरी अहिराणी आणि माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायची. अभ्यासात बरी, कष्टाळू, पण घाईची. प्रकल्पाचा विषय तिने आईच्या टेबलावरूनच उचलला होता: कापडातला दोष ओळखणारा प्रोग्राम.

हे टेबल कसं असतं ते सांगते. मागावरून ताका उतरतो, ताका म्हणजे आपला कापडाचा तागा. तो उतरत्या काचेवरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट. उजेडात तुटलेला धागा, भोक, तेलाचा डाग दिसतो. दिसला की बाई किनारीला निळ्या खडूने एक रेघ मारते, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं इथे रफू करायचं की कापायचं. हात कापड ओढत असतात, डोळे काचेवर, बोटांत खडू. हर्षदाची आई हे काम हर्षदाच्या जन्माआधीपासून करत होती.

हर्षदाने आईच्या टेबलावर कॅमेरा बांधला, चांगल्या आणि दोषाच्या कापडाचे ढीगभर फोटो काढले आणि प्रोग्रामला शिकवलं. दोष दिसला की पडद्यावर लाल चौकट. कारखान्याच्या शेठनी एक दिवस समोर उभं राहून बघितलं. जो जो दोष आला, त्या त्या वेळी चौकट उमटली. शेठ खूश. तपासणीची टेबलं बंद करून कॅमेरे लावायचे आणि ते सांभाळायला परीक्षा पास झाल्या झाल्या हर्षदालाच नोकरीवर घ्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. हर्षदाच्या आईने सगळ्या खात्यात पेढे वाटले. एक पुडा माझ्याकडेही आला.

परीक्षेच्या दिवशी हर्षदा इस्त्रीचा ड्रेस घालून आली. "मॅडम, शंभर टक्के!"

झालं! मी आधी शेवटचं पान उघडलं. शीर्षकाखाली एकच ओळ होती: कुठेही चुकत नाही.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून आले होते. गोड बोलणारे गृहस्थ, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे लगेच विरघळणारे. तिचे फोटो, तिचे आलेख बघून त्यांनी मनातल्या मनात गुण देऊनही टाकले असावेत. मी पिशवीतून माझं कापड काढलं. कापड मार्केटात खराब तुकडे वजनावर मिळतात, त्यातलाच एक. मधोमध बोट जाईल एवढं भोक. आंधळ्यालाही दिसावं असं.

कॅमेऱ्याखाली ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली: कापड चांगले.

"लाइट बदलू का, मॅडम?" हर्षदा म्हणाली. बदलला. कापड चांगलेच. दुसरा तुकडा ठेवला, तेलाच्या डागाचा. चांगला. तिसऱ्यात धागे तुटून नुसती जाळी झाली होती. तोही चांगला! मी इतकी हबकले की चष्मा काढून पुसला. शंभर टक्क्यांचं एवढं मोठं शून्य मी कधी बघितलं नव्हतं.

परीक्षकांना बहुतेक अजून वाटत होतं की भोक बारीक असेल. मी वर्गात जुन्या फळ्यावरच लिहीत असे, त्यामुळे पर्समध्ये रंगीत खडू कायम असायचे. "अहो, हे बघा भोक, हे!" म्हणत मी हाताला लागला तो खडू काढला आणि भोकाभोवती गोल ओढला. खडू निळा होता.

पडद्यावर लाल चौकट उमटली.

चौकट भोकावर नव्हती, खडूच्या रेघेवर होती. मी पर्समधला धुतलेला पांढरा रुमाल काढला, कॅमेऱ्याखाली पसरला. कापड चांगले. त्यावर निळी रेघ मारली. दोष! हर्षदाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

काय झालं ते तिला माझ्याआधी कळलं असावं. तिची माय टेबलावर दोष शोधून द्यायची, सवयीने खडू मारायची आणि मग म्हणायची, "ले, काढ फोटो." दोषाच्या झाडून सगळ्या फोटोंत किनारीला निळी रेघ, चांगल्या कापडाच्या एकातही नाही. प्रोग्रामने सोपा फरक उचलला. त्याने भोक, डाग, धागा काही म्हणजे काही पाहिलंच नव्हतं. त्याला हर्षदाच्या आईचा खडू तेवढा ओळखता येत होता.

परीक्षकांनी मला बाजूला घेतलं. "बेन, जवा दो ने. छोकरी सारी छे." सोडून द्या, मुलगी चांगली आहे. "तुमचं कापड बाजूला ठेवा, तिच्याच फोटोंवर गुण देऊ. तिचे फोटो ती बरोबर ओळखते ना? कामगाराची मुलगी, हातची नोकरी जाईल. आणि बेन, कोण बघायला जातंय?"

मला धक्का बसला तो त्यांच्या बोलण्याने नव्हे. धक्का हा, की माझं पेन गुणांच्या चौकटीवर गेलं होतं. नियम मीच केलेला, मोडायला मला कोणाला विचारायचंही नव्हतं. पेढ्याचा रिकामा पुडा अजून माझ्या टेबलावर होता. सत्तर लिहायचे आणि सुटायचं, एवढंच.

हर्षदाने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती उभी राहिली. "नको, सर. येत्या सोमवारपासून टेबलं बंद होणार आहेत. आईसकट सगळ्या बायकांना शेठनी सांगितलंय, येऊ नका म्हणून. मी पास झाले तर हे खरोखर लागेल ना कारखान्यात, मॅडम."

मी नापास लिहिलं आणि सही केली. परीक्षक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पोरीच्या पायावर धोंडा घातला. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर उधन्याला गेले. एकटी गेली असती तर शेठनी तिला उडवून लावलं असतं. तपासणीच्या खोलीत मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलत. हर्षदाची आई टेबलाशी होती. बारीक अंगाची, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. निकाल हर्षदाने घरी सांगितलाच नव्हता, त्यामुळे मला बघून तिला वाटलं मी अभिनंदनाला आले.

मी शेठना सगळं सांगितलं. ते हसले. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा फार विश्वास. "मॅडम, ऐसा हो ही नहीं सकता. मेरे सामने चला है. मैंने खुद मशीन से उतरा हुआ ताका मँगवाया था. उस पर किसी का हाथ नहीं लगा था. चॉक कहाँ से आयेगा?"

मी गार पडले. ताका थेट मागावरचा असेल तर त्याच्यावर खडू नव्हता. खडू नसताना प्रोग्रामने दोष पकडले असतील तर माझा निकाल चूक. माझ्या तीन तुकड्यांवर विसंबून मी एका पोरीचं सत्र आणि नोकरी, दोन्ही घालवलं होतं.

हर्षदा मात्र शेठकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. "माय," ती सावकाश म्हणाली, "त्या दिन टेबलवर ताका कोण वढत व्हतं?"

"मीच."

"तू खडू लावा व्हता?"

आईचं हसू गेलं. तिने पदराच्या टोकाला हात पुसले. मग मूठ उघडली, तर बोटांच्या पेरापेरांत निळं मुरलेलं. "हां. लावा व्हता. मशीनले खडूबिगर काहीच दखास नही. माले त पहिलेच समजी गयं व्हतं."

मी आयुष्यभर संगणकाचे डोळे तपासले, पण असं काही ऐकून मती गुंग व्हायची ही पहिलीच वेळ. कॅमेरा तिच्या टेबलावर कित्येक दिवस होता. खडू मारला की लाल, नाही मारला की गप्प, हे त्या बाईने केव्हाच टिपलं होतं. शेठ समोर उभे असताना ती तळहातात खडू लपवून ताका ओढत होती, आणि दोष कॅमेऱ्याखाली यायच्या आत किनारीला रेघ मारत होती. शेठचे डोळे पडद्यावर. तिच्या हाताकडे कोण बघणार?

"अहो, पण सांगितलं का नाही?" माझा आवाज नको तितका चढला.

"सांगं असतं त मन्ही पोर नापास व्हती, मॅडम."

शेठ खुर्चीत बसले. "बाई, तेरा ही टेबल जानेवाला था. पता था ना?"

"पता था, शेठ. टेबल गया तो गया. लडकी तो पास हो जाती."

हर्षदा रडायला लागली, रडता रडता आईवर ओरडली. "पास व्हईसन काय कामनं, माय? टेबल गया, मशीन आंधळं! मंग घरमा काय खातूत आपन?" आईने पोरीच्या गालावरचं पाणी पुसलं आणि तिच्या तोंडाला निळा खडू लागला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. नापास लिहिणाऱ्या मास्तरणीने रडू नये असा काही नियम नाही, पण मला लाज वाटली.

तेवढ्यात शेठचा चेहरा उजळला. "मॅडम, तो ऐसा करते हैं. एक बाई रख लेते हैं चॉक लगाने के लिए. बाकी मशीन पकड लेगी!"

मी म्हटलं, "शेठ, खडू लावणाऱ्या बाईला दोष आधीच सापडलेला असेल ना?"

त्यांनी डोकं खाजवलं. "हाँ... वो भी है."

टेबलं राहिली. कायमची राहतील असं मी म्हणत नाही. बाहेरून तयार यंत्रं येतातच आहेत, आज ना उद्या तिथेही येतील. हर्षदाच्या नोकरीचं नाव मात्र शेठनी पुन्हा काढलं नाही, आणि मलाही ते काढायची छाती झाली नाही. त्याची रुखरुख अजून आहे. पोरगी खरं बोलली नसती तर तिला ती नोकरी मिळाली असती.

पुढच्या सत्रात ती पुन्हा आली. या वेळी फोटो मागावरूनच घेतले, टेबलावर जायच्या आधी, निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या कापडांचे. आई एकदा मदतीला गेली आणि हात आपोआप किनारीकडे गेला, तेव्हा हर्षदाने तिला सरळ घरी पाठवून दिलं, असं कानावर आलं. परीक्षक योगायोगाने तेच गृहस्थ. मी माझे तुकडे ठेवले. प्रोग्रामने भोक पकडलं, जाळी पकडली, तेलाचा डाग सोडला. गडद कापडावर तर अगदीच चाचपडला.

"बेन," परीक्षक हळहळले, "गेल्या वेळी याहून चांगला होता हो!"

मी शेवटचं पान वाचत होते. या वेळी ते दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. वाचून झालं आणि त्या पानाचे होते तेवढे सगळे गुण मी लिहून टाकले. परीक्षकांनी वाकून बघितलं आणि चकित झाले. "तमे? तुम्ही? पूरेपूरा? शंभर टक्के?"

मी पान त्यांच्यापुढे सरकवलं. इंग्रजीत होतं, तुम्हाला मराठीत सांगते. पहिलीच ओळ अशी होती: 'हा प्रोग्राम माझ्या आईच्या समोर तपासू नये. मला पास करण्यासाठी ती काहीही करील.'